दोरीचं दुसरं टोक

४ नोव्हेंबर, सोमवार

मुस्तीला आज दोरी सापडली नाही. दारातून आली, नाक खाली घालून दोनदा गोल फिरली आणि टेबलाच्या पायावर आपटली. दुसरा कुत्रा, पेक्का, आधीच आत होता. त्याच्या पुढ्यात दोरीचं एक टोक, जाळीपलीकडे ट्रेमध्ये मांसाचे तुकडे, वास खोलीभर. तो थांबला. मुस्ती चाचपडत त्याच्यापर्यंत आली, तिला टोक मिळालं, तेव्हा दोघांनी बरोबर ओढलं.

हे मी नंतर चित्रफितीत पाहिलं. त्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

साधी गोष्ट आहे, पण नीट लिहून ठेवतो. एकच लांब दोरी, ट्रेच्या कड्यांमधून ओवलेली, तिची दोन्ही टोकं जाळीखालून अलीकडे. एकाच कुत्र्याने एक टोक ओढलं तर दोरी सुळकन निघून येते आणि ट्रे जागच्या जागी राहतो. दोघांनी बरोबर ओढलं तरच ट्रे पुढे सरकतो. पहिल्या कुत्र्याला आधी सोडायचं, दुसऱ्याला मुद्दाम उशिरा, दुसऱ्या दाराने. पहिला थांबतो की नाही, एवढंच बघायचं. बहुतेक कुत्री थांबत नाहीत. भूक लागली की ओढतात.

माझं काम पहिल्या कुत्र्याला सोडायचं, मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. काळा चष्मा, कानावर लाकूड-गिरणीत आवाज अडवायला लावतात तसले मोठे डबे. म्हणजे मला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून माझ्याकडून कुत्र्याला काही कळत नाही. हा प्रयोग कॉलेजातल्या डॉक्टर शारोंचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “तू तिथे नाहीसच, आर्विड. तू भिंतीवरची खुंटी आहेस.”

खुंटी होणं मला जमतं. अकरावी सोडल्यापासून जमलेलं हे पहिलंच काम.

हिल्का मुम्मो स्वयंपाकघरात बसून होती. कॉलेजची इमारत दुरुस्तीला काढल्यापासून आम्ही फिनिश हॉलच्या, म्हणजे गावातल्या आम्हा फिनिश लोकांच्या जुन्या हॉलच्या, मागच्या खोलीत आहोत. लहानपणी मी इथेच नाच शिकलो, म्हणजे शिकलो नाही. गावात सगळे तिला मुम्मोच म्हणतात, आजी. कुत्री तिचीच. काठी बाजूला ठेवून ती कॉफी करत होती, सांगितलं नव्हतं तरी.

“ओढली का दोघांनी?”

“ओढली.”

“मुस्तीला दिसलं?”

“वेळ लागला जरा.”

“मलाही लागतो,” म्हणाली, आणि माझ्यापुढे वेलचीच्या पावाचा तुकडा सरकवला.

पंधरा तारखेला ती वृद्धाश्रमात जाणार आहे. तिथे कुत्री चालत नाहीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बर्फ. कुणी आलं नाही. जाळी पुसली, कड्यांना तेल दिलं. दारावरच्या पाटीत ‘प्रयोग’ चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज मुम्मोचा मुलगा आला, डेल सारेला. ओंडक्यांचा ट्रक चालवतो. दारातून आत यायला त्याला खांदे तिरके करावे लागतात. जाळीपाशी उभा राहून दोरीकडे बघत राहिला.

“हे काय, कुत्र्यांची रस्सीखेच?”

“रस्सीखेच नाही. दोघांनी एकाच बाजूला ओढायचं,” मी म्हणालो.

“मग आमच्या घरी चालायची नाही ही भानगड.”

मुम्मो हसली. तो नाही हसला. मग आईसमोरच त्याने सांगून टाकलं. त्याच्याकडे तान्हं मूल आहे, घर दोन खोल्यांचं. एकच कुत्रं नेता येईल. पेक्का. मुस्ती तेरा वर्षांची, डोळे गेलेले, घरात मुतते. जनावरांचा डॉक्टर एक शुक्रवार सोडून एका शुक्रवारी आपल्याकडे येतो. पंधरा तारखेला येणार आहे. त्याच्याशी मुस्तीच्या शेवटच्या इंजेक्शनचं बोलणं झालंय.

मुम्मोने कप पुसला. पुसलेलाच कप परत पुसला. “डेल, पेक्का तिच्यावाचून जेवत नाही.”

“कुत्रं आहे ते, आई. भूक लागली की जेवेल.”

डॉक्टर शारों फॉर्म भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तेच आम्ही बघतोय.”

“काय बघताय?”

“एकाला दुसरा लागतो का. की नुसतं मांस लागतं.”

डेलने टोपी काढली. एवढा मोठा माणूस, पण टोपी काढली की केस पोरासारखे उभे राहतात. “हे बघा बाई. मी काही राक्षस नाही. पण घरी बायकोपुढे मला काहीतरी ठेवायला हवं. ‘आई रडते’ हे तिने ऐकून झालंय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने सांगितलं की हे दोघं खरंच एकमेकांना धरून आहेत, तर मी भांडेन. दोन्ही नेईन. शेडमध्ये शेगडी लावीन.”

“चौदा तारखेपर्यंत आमच्या फेऱ्या होतील,” डॉक्टर म्हणाल्या. “मी सांगेन तुम्हाला. जे असेल ते.”

“जे असेल ते,” तो म्हणाला.

मुम्मो माझ्याकडे बघत होती. मी का? मी तर खुंटी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चांगला दिवस. सगळ्या फेऱ्या लागल्या. मुस्तीला मुद्दाम खूप उशिरा सोडलं, तरी पेक्का बसून राहिला. लाळ गळत होती, पंजे जागच्या जागी नाचत होते, पण दोरीला तोंड नाही. दुसरं दार उघडलं, मुस्ती आली, मगच.

डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. “इतकं थांबणारी जोडी मला अजून मिळाली नव्हती,” त्या म्हणाल्या. खूश झाल्या की त्या पेन्सिल चावतात. आज पेन्सिलचं पार वाटोळं झालं.

मुम्मोला गाडीत बसवताना मी सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. पण माझं कोण ऐकतं? आता मशीन सांगेल.”

“मशीन नाही. डॉक्टर शारों.”

“तेच ते.”

१० नोव्हेंबर, रविवार

मुम्मोकडे लाकडं फोडून द्यायला गेलो. तिने सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून ठेवली होती. नंतर ओसरीत बसलो, अंगातून वाफा निघत होत्या, कुत्री पायाशी.

पेक्का तिला कचराडेपोवर सापडलेला, तळहाताएवढा. मुस्तीने कधी दुसऱ्या कुत्र्याला वाटीजवळ येऊ दिलं नव्हतं, पण याला चाटू दिलं. दोन वर्षांपूर्वी तिची नजर जायला लागली, उजव्या डोळ्यापासून. “तेव्हापासून हा तिच्या उजवीकडून चालतो,” मुम्मो म्हणाली. “कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं.”

मी बघितलं. खरंच तसाच चालतो. अंगाला अंग लावून. दोरीपाशीही उजवं टोक घेतो, डावं तिला ठेवतो.

“डेलला सांग हे.”

“सांगितलं. म्हणाला, ‘योगायोग.’ माझं पोर आहे ते, पण त्याचं डोकं ओंडक्याचं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “वाईट नाहीये तो. दमलेला आहे.”

११ नोव्हेंबर, सोमवार

नीट लिहायला हवं.

चित्रफितींतून वेळा उतरवून काढणं हेही माझं काम. दार केव्हा उघडलं, पेक्काने दोरी केव्हा धरली. नेहमी मी आवाज बंद करून बघतो, आवाजाने लक्ष विचलित होतं. आज बटण चुकून चालू राहिलं.

दुसरं दार उघडतं. मग करकर. मग पेक्का दोरी धरतो.

करकर कसली ते आधी कळेना. मागे घेतलं. परत तेच. दार, करकर, दोरी. मग कोपऱ्यात बघितलं, माझ्याकडे. मी पाय बदलत होतो.

ही नाचाची जुनी जमीन आहे, फळ्यांची. पलीकडचं दार उघडलं की जमिनीतून हलकासा हादरा येतो, तळपायांना कळतो. तो आला की मी या पायावरचा भार त्या पायावर घेतो. मला माहीतच नव्हतं. कानावर डबे, त्यामुळे माझ्याच पायाखालची फळी वाजते हे मला कधी ऐकू आलं नाही. कुत्र्याला आलं.

म्हणजे पेक्का मुस्तीसाठी थांबत नव्हता. माझ्या फळीसाठी थांबत होता. फळी वाजली की ओढायचं. फळी वाजली की मांस.

सगळ्या फिती बघितल्या. माझ्या पायाशिवाय ओढलंय अशी एक तरी फेरी मिळेल म्हणून. एकही नाही.

कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, “आज चेहरा असा का?” मी म्हणालो, दाढ दुखते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळभर मनात हेच. नाही सांगितलं तर मुस्ती वाचते. गुरुवारी डॉक्टर डेलला ‘हो’ म्हणतील, तो शेडमध्ये शेगडी लावेल. कुणाचं काय जातं? एका म्हाताऱ्या कुत्रीची दोन वर्षं. फार तर तीन.

पण डॉक्टर ते छापतील. लोक वाचतील. आणि ते खोटं असेल, माझ्या पायाचं खोटं.

आणि दुसरं असं की मी गप्प राहिलो तर मी खुंटी राहत नाही. मग मी ठरवणारा होतो. मला ठरवायचं नाही. मला कधीच काही ठरवायचं नव्हतं.

दुपारी सांगितलं. फीत लावली, आवाज मोठा केला. तिसऱ्या करकरीला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, “त्या फळीवर तुला मीच उभं केलं. जमीन तपासायला हवी होती.”

“म्हणजे सगळं फुकट?”

“तसं म्हणता येत नाही. दार उघडतं, तू हलतोस आणि मुस्ती येते, सगळं एकदमच. पेक्का यातलं नेमकं काय ऐकतो, ते या फितींवरून सांगता येणार नाही. तपासायला लागेल. मुस्तीला आणायचंच नाही, नुसती फळी वाजवायची. ओढलं तर तुझी फळी. नाही ओढलं तर मुस्ती.”

“आजच करू या.”

पण आज हॉलमध्ये मयताची कॉफी. कोस्की म्हातारा गेला, मागच्या खोलीतसुद्धा खुर्च्या आणि केक. कुत्री मुम्मोकडे, आणि तिकडचा रस्ता बर्फाने बंद. उद्या पहाटे डॉक्टर दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवायला जाणार, थेट सोमवारी परत.

“मी करतो ना. उद्या. रस्ता उघडला की.”

“नाही.” इतक्या कडक त्या कधी बोलल्या नव्हत्या. “एकट्याने करायचं नाही, आर्विड. तुला काय हवंय ते त्या कुत्र्याला कळेल. तू दगड झालास तरी कळेल. सोमवारी, दोघं मिळून.”

“आणि शुक्रवार?”

“डेलला मी सांगेन थांबायला.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

रस्ता दुपारी उघडला. हॉलची किल्ली माझ्याच खिशात. गेलो नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डेल ठरल्याप्रमाणे हॉलवर आला. मी टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावला. डॉक्टरांच्या मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

त्यांनी सगळं सांगितलं. फळी, माझा पाय, सगळं. सोपं करून सांगितलं, पण लपवलं काहीच नाही. शेवटी म्हणाल्या, “म्हणून आज मला माहीत नाही, मिस्टर सारेला. सोमवारी कळेल.”

“माहीत नाही म्हणजे नाही.”

“नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. तीन दिवस थांबा.”

डेल माझ्याकडे बघून ओठ न उघडता हसला. आमच्या माणसांत तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. लग्नाला विचारलं तरी ‘बघू’ म्हणतात आणि पोरगी समजून जाते. डॉक्टर शारों आमच्यातल्या नाहीत. त्यांना हे ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. तेव्हा डेलला म्हणायला हवं होतं की या बाई तशा बोलत नाहीत, त्यांचं ‘माहीत नाही’ खरंच माहीत नाही असतं. सुचलं नाही. घरी जाताना पुलावर सुचलं.

फोन ठेवल्यावर मी एवढंच म्हणालो, “सोमवारपर्यंत ठेव ना तिला.”

“कुठे? आईचं घर उद्या रिकामं करायचंय, सामान ट्रकमध्ये भरून झालंय. तो जनावरांचा डॉक्टर उद्या येईल, मग एकदम पुढच्या पंधरवड्याला. तोवर आंधळी कुत्री कुठे ठेवू? पाळण्याखाली?” मग त्याने टोपी काढली. “आर्विड, तू सांग. त्या बाई तिकडे लांब. तू त्या खोलीत असतोस. रविवारी आईकडे होतास. तुला काय वाटतं? धरून आहेत का ते?”

एक ‘हो’. एवढंच त्याला हवं होतं. त्याचा चेहरा मी बघितला, त्यालाही ‘हो’च हवं होतं. शेड, शेगडी, बायकोशी भांडण, सगळ्याला तयार होता तो.

मला मुम्मोची ओसरी आठवली, अंगाला अंग लावून चालणारा पेक्का. आणि ती करकर आठवली.

मी म्हणालो, “मला सांगता येणार नाही.”

“बरं,” डेल म्हणाला. टोपी घातली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

मुम्मोच्या अंगणातच, चटईवर. डेलने मला पेक्काला ट्रकमध्ये धरून बसायला सांगितलं होतं. काच वर होती. पेक्का भुंकला नाही. काचेवर नाक लावून बसला, वाफेने सगळं धूसर झालं. मला दिसलं नाही ते बरं झालं.

मुस्तीने शेवटी चीज खाल्लं, मुम्मोच्या हातून. मुम्मोनेच सांगितलं. घोंगडीत गुंडाळून डेलने तिला सौनामागच्या बर्चच्या झाडाखाली पुरलं. वर गोठलेली माती होती, त्याने पहार आणली होती. सकाळपासून खणत असावा.

जाताना मुम्मोने माझी बाही धरली. “पोरा, ओढायची ना रे ती? त्याच्याबरोबर?”

“हो,” मी म्हणालो.

काल हेच म्हणायचं होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर आल्या. मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, अंगातला कोट तसाच. “मी तीन दिवस म्हणाले होते,” एवढंच बोलल्या.

मग दुपारी म्हणाल्या की फळीची तपासणी करावीच लागेल.

“आता कशाला?”

“त्या फळीवर तू दुसऱ्या कुत्र्यांसाठीही उभा राहिलास, आर्विड. आणि पेक्काची निम्मी तपासणी अजून शक्य आहे. तिला मुस्ती लागतच नाही.”

लागतच नाही. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्यांनाही ऐकू आलं.

डेलला फोन केला. तो म्हणाला, “गुरुवारी आणतो. तसाही तो जेवत नाहीये. तुमच्याकडे मांस तरी असतं.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वृद्धाश्रमात गेलो. मुम्मोची खोली गरम आहे. खिडकीतून सरोवर दिसतं, कडेने गोठायला लागलंय. तिने विचारलं, पेक्का कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. तिने विचारलं, जेवतो का. मी म्हटलं, जेवतो. एकदा खोटं सांगायला लागलं की जीभ किती सरळ चालते.

मनात मात्र एकच. गुरुवारी त्याने ओढावं. फळी वाजावी आणि त्याने ओढावं. म्हणजे माझी शंका खरी ठरेल. म्हणजे मी डेलला ‘हो’ म्हणालो नाही, ते बरोबरच केलं.

असं कुत्र्याकडून मागतोय मी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पेक्काच्या फासळ्या दिसतात. मी त्याला सोडलं, कोपऱ्यात गेलो, चष्मा, कानावर डबे. भिंत. डॉक्टरांनी पलीकडचं दार उघडलं, हादरा आला. मी भार बदलला. फळी वाजलीच असणार, मुद्दाम जोरात बदलला. थांबलो. परत बदलला. परत. किती वेळ ते माहीत नाही, पाय दुखायला लागले. मग खांद्यावर हात आला.

डॉक्टर मला पडद्यापाशी घेऊन गेल्या. कॅमेरा अजून चालू होता. डेल तिथेच उभा होता.

पेक्का दोरीपाशी बसलेला. उजव्या टोकाला. डावीकडे एका कुत्र्याएवढी जागा सोडलेली. समोर मांस, त्याकडे बघत नव्हता. उघड्या दाराकडे बघत होता.

“काय करतोय तो?” डेलने विचारलं.

“वाट बघतोय,” डॉक्टर म्हणाल्या.